वाचकांचे प्रश्न : पट्टा सुटला, हात मात्र पोटाशीच

यावेळी खांद्याच्या पत्रांचा ढीग आलाय. पावसाळ्यात दरवर्षी येतोच, जून ते सप्टेंबर आमच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात घसरून पडलेल्यांची रांग असते आणि पडताना माणूस आधी हात टेकतो त्यामुळे मनगट नाहीतर खांदा ठरलेला. तीन पत्रं घेतलीत. पहिल्याला जास्त जागा दिलीय कारण तोच प्रश्न निम्म्या पत्रांत होता.

प्रश्न : ताई नमस्कार. मी माहीमला राहते, वय ५८, घरीच असते. जुलैत आमच्याच बिल्डिंगच्या आवारात पेव्हर ब्लॉकवर शेवाळ धरलं होतं त्यावरून घसरले, एका हातात दुधाच्या पिशव्या, दुसरा टेकला आणि उजव्या खांद्याजवळ हाड मोडलं. ऑपरेशन नको, हाड जागेवर आहे म्हणाले डॉक्टर, पट्टा दिला, तीन आठवड्यांनी हळूहळू हात हलवायला सांगितलं. आता आठवा आठवडा चालू आहे, पट्टा काढून दहा दिवस झाले, एक्सरे छान आहे म्हणतात. फिजिओवाली मुलगी म्हणते काकू आता रोज चालायला लागा. मला कळत नाही, मोडलाय खांदा तर पायाने चालून काय होणार? आयुष्यात कधी मॉर्निंग वॉकला गेले नाही. जाऊबाई म्हणतात सहा महिने उंबरठा ओलांडू नकोस, हिसका बसला तर हाड परत निघेल. मुलगा म्हणतो रोज दहा हजार स्टेप्स, त्याने मोबाईलमध्ये ॲपच टाकून दिलंय. दोन दिवस गच्चीत चालले तर उजव्या हाताची बोटं टम्म सुजली, अंगठी निघेना, घाबरून बंदच केलं. कोणाचं ऐकू?

उत्तर : फिजिओवाल्या मुलीचं ऐका. पण जाऊबाईंना अगदीच उडवून लावू नका, धोका त्यांनी बरोबर ओळखलाय, उपाय तेवढा उलटा सांगितलाय. आत्ता तुम्हाला सगळ्यात मोठी भीती कसली, तर परत पडण्याची. आणि सहा महिने घरात बसलेल्या बाईचे पाय इतके ढिले पडतात की ती बाथरूमला जाताना पण पडू शकते. साध्या चालण्यात हाताला जो झोका बसतो तेवढ्याने जुळत आलेलं हाड निघत नाही हो, डॉक्टरांनी एक्सरे बघून पट्टा काढलाय म्हंजे तेवढी मुभा त्यात आलीच. तरी पुढच्या व्हिजिटला तोंडाने एकदा विचारून घ्या, तुमच्याच समाधानासाठी.

आता पायाने चालून खांद्याला काय होतं हा तुमचा खरा प्रश्न. रक्ताभिसरण, झोप, शुगर, मूड वगैरे सगळं खरंच आहे, ते तुम्ही शंभर ठिकाणी वाचलं असेल म्हणून त्यात जात नाही. मला वेगळंच सांगायचंय.

पट्टा सुटतो पण हात सुटत नाही. तुम्ही आत्ता हे वाचताय ना, तुमचा उजवा हात कुठे आहे बघा. पोटाशी असेल. कोपर कमरेला चिकटलेलं, पंजा बेंबीच्या वर, जसं काही अजून पट्टा बांधलेलाच आहे. तीन-चार आठवडे हात तसाच राहिला की डोक्याला तीच त्याची जागा वाटायला लागते, मग पट्टा काढला तरी आपण न दिसणारा पट्टा घालून फिरतो, आणि खांदा कानाकडे चढलेला राहतो, मान दुखते, खांदा आखडत जातो. टेबलावर झोपवून मी हात कितीही फिरवून दिला तरी तो माझ्या हातात फिरतो, तुमच्या नाही. चालताना मात्र हात आपोआप हलतो, उजवा पाय पुढे की डावा हात पुढे, डावा पाय की उजवा, हे कोणी शिकवलेलं नसतं आणि मुद्दाम करावंही लागत नाही, फक्त त्याला अडवायचं नाही. म्हणून चालायचं.

माझं स्वतःचं सांगते, हसू नका. काही वर्षांपूर्वी माझं डाव्या बाजूचं कॉलर बोन मोडलं होतं, स्कूटरवरून. रोज दहा पेशंटना "हात मोकळा सोडा, हात मोकळा सोडा" सांगणारी मी, आणि पट्टा काढल्यावर रोज संध्याकाळी शिवाजी पार्कला फेरी मारायला जायचे. एकदा मैदानाभोवतीच्या कट्ट्याच्या बाजूने चालताना मागे दिव्याचा खांब होता आणि माझी सावली पुढे लांब पडली होती. त्या सावलीला एकच हात होता. उजवा मस्त झुलत होता आणि डावा कुठे दिसेचना, कारण मी पर्सचा पट्टा छातीपाशी घट्ट धरला होता. पर्समध्ये किल्ली आणि वीस रुपये. तीन आठवडे मी असं चालत होते आणि घरी येऊन म्हणत होते की खांदा काही सुटत नाहीये बाई. त्या दिवसापासून पर्स घरी, किल्ली कमरेच्या पाऊचमध्ये.

तर तुम्ही असं करा. पहिला आठवडा दिवसातून दोन वेळा दहा-दहा मिनिटं, बास. पर्स, मोबाईल, दुधाची पिशवी, छत्री यातलं काहीही उजव्या हातात नको आणि साडी असेल तर पदर धरायचा नाही, खोचून टाका. ओढणीवाल्यांनी ओढणी बांधा. हात खाली सोडा, अंगठा पुढे, आणि श्वास सोडताना खांदा कानापासून खाली येऊ द्या. हात मुद्दाम हलवायचा नाही हां, परेडमधल्यासारखा तर नाहीच. नुसता लोंबू द्या, दोन मिनिटांनी आपोआप वीतभर पुढे-मागे व्हायला लागेल. जड वाटेल, कोणीतरी खाली ओढतंय असं वाटेल. तेव्हा एका दिव्याच्या खांबापासून पुढच्या खांबापर्यंत हात मोकळा आणि त्यापुढच्या खांबापर्यंत पंजा कुर्त्याच्या खिशात टाकून आराम, असं खांबा-खांबाने चाला. आठ-दहा दिवसांत आराम घ्यायचं तुम्हीच विसराल.

बोटं सुजली ते घाबरण्यासारखं नाही. इतके दिवस वर बांधलेला हात एकदम खाली लोंबायला लागला की पाणी खाली उतरतं, बोटं फुगतात. चालताना दर थोड्या वेळाने मूठ घट्ट करून उघडायची, दहा-पंधरा वेळा, आणि घरी आल्यावर हात उशीवर थोडा उंच ठेवून बसायचं. अंगठी आणि त्या हातातल्या बांगड्या आत्ताच साबण लावून काढून ठेवा, नंतर सोनाराकडे जाऊन कापायला लागतात, बघितलंय मी. मात्र सूज रात्रभर राहून सकाळीही उतरली नाही, बोटं निळी-गार पडली किंवा मुंग्या येऊन बधिर झाली तर वाट बघू नका, डॉक्टरांकडे जा.

कुठे चालायचं? माहीमहून शिवाजी पार्क जवळ आहे, मी तिथलंच सांगेन. कट्ट्याबाहेरची पूर्ण फेरी एक किलोमीटरच्या थोडी वर होते, तुम्हाला सुरुवातीला अर्धी पण खूप झाली. आणि त्या कट्ट्याचा फायदा असा की दमलं तिथे बसायचं, बाक शोधायला नको. फक्त शॉर्टकट म्हणून मैदानातून आडवं जाऊ नका. आत एका वेळी किती मॅचेस चालू असतात ते त्या पोरांनाच माहिती, सीझनचा बॉल कुठून येईल सांगता येत नाही आणि तुम्ही घाबरून आधी तोच हात वर कराल. पाऊस असेल त्या दिवशी हट्ट करायचा नाही, बिल्डिंगच्या पॅसेजमध्ये किंवा घरातल्या घरात हॉल ते किचन. एका हाताने छत्री धरली की तोल गेल्यावर आधाराला हात उरत नाही, अगदीच जावं लागलं तर पोंचोसारखा डोक्यावरून घालायचा रेनकोट बरा. पायात चप्पल-स्लीपर नको, मागून बंद असलेले, तळाला ग्रिप असलेले बूट. झिजलेला तळ पेव्हर ब्लॉकवर काय करतो ते तुम्हाला मी सांगायला नको.

आणि जिना! ह्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. जिन्याला कठडा एकाच बाजूला असेल तर चढताना जो हात कठड्यावर असतो त्याच्या उलटा हात उतरताना कठड्याच्या बाजूला येतो. म्हंजे दोन्हीतल्या एका वेळेला तुमचा दुखरा हातच कठड्यावर असणार. तुमच्याकडे उतरताना तसं होत असेल तर सरळ तोंड कठड्याकडे करून, चांगल्या हाताने धरून, एकेक पायरी आडवं उतरायचं. लोक बघतात, बघू देत. लिफ्ट असेल तर प्रश्नच मिटला.

दहा हजारचं खूळ मुलाच्या डोक्यातून काढा. हा आकडा कुठल्या डॉक्टरने शोधलेला नाहीये, १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला काढलं त्याचं नावच 'दहा हजार पावलं मोजणारं' असं होतं, आकडा तिथून जगभर पसरला. जागतिक आरोग्य संघटना पावलं सांगतच नाही, मिनिटं सांगते, आठवड्याला निदान १५० मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. म्हंजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. तिथपर्यंत तुम्ही दोन महिन्यांत आरामात पोचाल, दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत गेलं की झालं. ॲपचा अजून एक तोटा असा की माणूस मोबाईल हातात धरून चालतो, परत तोच हात पोटाशी.

दुखणार का, तर हो, थोडं दुखेल. चालून आल्यावर तास-दोन तासांत शांत झालं आणि रात्रीची झोप मोडली नाही तर ठीक चाललंय. रात्री ठणकून जाग आली तर दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं कमी, पण बंद नाही. आणि चाललं म्हणून व्यायाम माफ असं समजू नका हां, पुढे वाकून हात लोंबकळत फिरवायचा, भिंतीवरून बोटं वर चढवायची, जे काही त्या मुलीने दिलंय ते रोज करायचंच. चालून आल्यावर अंग गरम असतं तेव्हा केलं तर कमी दुखतं, माझे पेशंट तरी असंच सांगतात.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत पण मी विचारते. उभ्याउभ्या घसरून हाड मोडलं, वय ५८, तर हाडांची घनता बघणारी डेक्सा टेस्ट कोणी सांगितली का? पन्नाशीनंतर उभ्या उंचीवरून पडून हाड मोडलं की हाडं ठिसूळ झालीत का ते बघायलाच हवं, सोबत ड जीवनसत्त्व पण. मुंबईत एवढं ऊन असून आपल्या बायकांचं ड जीवनसत्त्व तळाला असतं कारण ऊन आपण खिडकीतूनच बघतो. नुसता खांदा जुळवून घरी आलात आणि मूळ कारण तसंच राहिलं तर पुढच्या वेळेला खुब्याचं हाड असायचं.

जाऊबाईंना सोबत न्या. गुडघे दुखतात म्हणतील, म्हणू देत, कट्टा आहेच.

प्रश्न : मॅडम, वय ६४, मुलुंडला असतो, १२ वर्षं डायबेटिस आहे. दोन वर्षांपूर्वी बसमध्ये झटका बसून डावा खांदा दुखावला होता, तो बरा झाला. आता शुगरसाठी रोज चालायला लागलोय. गेला महिनाभर असं होतंय की घराजवळचा चढ लागला की दहा मिनिटांत डाव्या खांद्यात भरून येतं, कधी जबड्यापर्यंत जातं. उभा राहिलो की दोन-तीन मिनिटांत जातं. जुनं दुखणं उपटलंय वाटतं. कुठला बाम लावू आणि चालणं चालू ठेवू का?

उत्तर : काका, बाम नको आणि चालणं आजपासून बंद. हे पत्र छापून यायची वाट न बघता तुम्हाला फोन केला होता, तेच इथे बाकीच्यांसाठी लिहिते. खांद्याच्या सांध्याचं दुखणं हात हलवल्यावर दुखतं, वरच्या फळीवरचा डबा काढताना, शर्ट घालताना, रात्री त्या कुशीवर झोपल्यावर. तुमचं हात हलवून दुखत नाहीये, चढ चढून दुखतंय आणि थांबल्यावर जातंय. हे हृदयाचं दुखणं असू शकतं, आणि डायबेटिसवाल्यांना छातीत कळ येईलच असं नाही, नुसता खांदा, जबडा, दम लागणं एवढंच पण होऊ शकतं. आजच्या आज डॉक्टर, ईसीजी, आणि ईसीजी नॉर्मल आला तरी तेवढ्यावर खूश होऊन परत यायचं नाही, हा चढाचा सगळा किस्सा डॉक्टरांना सांगायचा, पुढची टेस्ट ते ठरवतील. बसल्या जागी दुखायला लागलं, घाम फुटला, दम कोंडला तर रिक्षा शोधत बसू नका, १०८ ला फोन.

फोनवर म्हणाले मुलगा ऑफिसमधून आला की जातो. मी म्हटलं मुलगा हॉस्पिटलमध्येच येऊ दे, तुम्ही शेजाऱ्यांना घेऊन निघा. निघाले.

प्रश्न : ताई हाय, मी २३ वर्षांचा, बोरिवलीहून चर्चगेटला जॉबला जातो. टर्फवर क्रिकेट खेळताना डाइव्ह मारली आणि उजवा खांदा निखळला, हॉस्पिटलमध्ये बसवला, तीन आठवडे पट्टा होता. आता ऑफिस सुरू. जिम बंद आहे म्हणून डोकं फिरलंय, विचार करतोय चर्चगेट ते नरिमन पॉइंट शेअर टॅक्सी सोडून रोज चालत जायचं. चालेल ना? आणि ट्रेनमध्ये काय काळजी घेऊ?

उत्तर : चालत जा, बिनधास्त. सकाळी पंधरा-वीस मिनिटं, संध्याकाळी तेवढीच, सपाट रस्ता, तुझ्या वयाला हे काहीच नाही. वर मी काकूंना जे हात सोडायचं लिहिलंय ते तुलाही लागू, फक्त तुझी भानगड वेगळी आहे. त्यांचा खांदा आखडायला बघतोय, तुझा निसटायला. विशीतल्या पोरांचा एकदा निखळलेला खांदा परत निखळायचं प्रमाण खूप असतं, आणि तो ज्या पोझमध्ये निसटतो ती म्हंजे हात वर, बाजूला आणि मागे गेलेला. आता डोळे मिटून आठव, गर्दीत वरची कडी धरून उभा आहेस आणि मागून लोंढा आला. बरोबर तीच पोझ. म्हणून सध्या उजव्या हाताने कडी धरायची नाही, दरवाजातला खांब धरून लटकायचं तर नावच काढू नकोस. बोरिवलीहूनच सुटणारी स्लो पकड, वेळ जास्त जाईल पण बसायला मिळेल. उभं राहावंच लागलं तर दोन सीटच्या मधे आत शिरून पाठ टेकून उभा राहा, डाव्या हाताने सीटचा दांडा.

बॅगेचं नीट ऐक. सॅक चढवताना आपण सवयीने दुसरा हात मागे वर फिरवून पट्ट्यात घालतो, परत तीच पोझ. तर उजवा हात आधी घालायचा, बॅग टेबलावर किंवा सीटवर ठेवून, आणि काढताना उजवा शेवटी. शर्टाचंही तेच, दुखरा हात आधी आत, सगळ्यात शेवटी बाहेर. ट्रेनमध्ये बॅग पुढे घेतोसच, आणि ती वरच्या रॅकवर स्वतः फेकायची नाही, कोणालाही सांग, मुंबईत एवढं लोक करतात. लॅपटॉप ऑफिसमध्ये ठेवता आला तर बघ. चालताना बॅग एकाच खांद्यावर टाकून जाऊ नकोस, डाव्यावर पण नाही, सगळं अंग तिकडे कलतं.

टर्फ, बोलिंग, पुशअप्स कधी ते तुझे डॉक्टर ठरवतील, महिन्यांचा हिशोब आहे, आठवड्यांचा नाही. नुसतं चालून खांद्याच्या आजूबाजूचे स्नायू घट्ट होत नाहीत, त्याला रबर बँडचे व्यायाम लागतात, ते कोणाकडून तरी समोर बसून शिक, मोबाईलवर बघून नको. आणि दुसऱ्यांदा निखळला, किंवा हात वर करताना "आता निघतोय" असं नुसतं वाटलं तरी एमआरआय आणि ऑपरेशनबद्दल स्पष्ट विचार, लाजू नकोस.

एक शेवटचं, संध्याकाळी नरिमन पॉइंटहून निघालास की समोर मरीन ड्राइव्ह असतं, वारा असतो, मन करेल की समुद्राच्या बाजूने मरीन लाइन्सपर्यंतच जाऊ चालत. महिनाभर तरी तो मोह टाळ. तिथून ट्रेन भरलेलीच मिळणार आणि तू परत कडीला. चर्चगेटलाच वळ, तिथे गाडी सुटायच्या आधी आत शिरून बसायला मिळतं.